जुनी तसबीर उतरवली, आता पुढे काय? ओलिओग्राफ ओळखण्यापासून भिंतीवर परत टांगेपर्यंत

गणपतीच्या आधी घराला रंग काढायचं ठरतं, भिंतीवरच्या तसबिरी उतरतात आणि त्यात आजीच्या वेळची एखादी सरस्वती किंवा लक्ष्मी हाती लागते. काच धुरकटलेली असते, चौकटीला किडीची बारीक भोकं पडलेली असतात, कडी गंजलेली असते. घरात कोणीतरी म्हणतं, "चित्र छान आहे, नवी फ्रेम करून घेऊ." तसबीर नाक्यावरच्या दुकानात जाते आणि दोन दिवसांनी चकचकीत होऊन परत येते. शंभर वर्षं धूर आणि ओल सोसलेल्या चित्रांचं सगळ्यात मोठं नुकसान मी याच दोन दिवसांत झालेलं पाहिलं आहे.

आमच्या घरच्या सरस्वतीचंही तसंच झालं. नवी चौकट नेमकी बसावी म्हणून फ्रेमवाल्याने चित्राखालचा पांढरा पट्टा पातीने कापून टाकला. त्या पट्ट्यावर छापखान्याचं नाव होतं. कापलेला कागद कचऱ्यात गेला, तो पुन्हा मिळाला नाही. त्या कारागिराची नियत वाईट नव्हती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते आम्हालाच माहीत नव्हतं. तुमच्या घरच्या तसबिरीच्या बाबतीत ते माहीत असावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ओळखा: हातात आहे ते काय आहे?

आपल्याकडच्या जुन्या घरांत सापडणारी देवादिकांची रंगीत चित्रं बहुधा शिळाछाप असतात. आलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने १७९६ च्या सुमारास ही पद्धत शोधली. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडक घ्यायचा, त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे शाई फक्त तेलकट रेघांवर बसते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागतो आणि एकच कागद त्या सगळ्या दगडांवरून एकेक करून जातो. शेवटी त्यावर व्हार्निशचा हात द्यायचा, कधी कॅनव्हासच्या विणीसारखा पोतही दाबून उठवायचा, म्हणजे ते तैलचित्रासारखं दिसतं. हा झाला ओलिओग्राफ.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत असा छापखाना काढला. जर्मन तंत्रज्ञ आणले, गोवर्धनदास खटाव मखनजी हे भागीदार होते. 'शकुंतलाजन्म' हे तिथून छापून निघालेलं पहिलं चित्र. पुढे मुंबईत प्लेगची साथ आली आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यांनी तो त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकला. छापखाना त्यानंतरही कैक वर्षं चालला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी त्याच्यासाठी काम केलं होतं. पुण्याचा चित्रशाळा छापखाना तर त्याच्याही आधीचा, १८७८ चा. तेव्हा घरची जुनी तसबीर रविवर्म्यांचीच असेल असं धरून चालू नका. आणि चित्राखाली 'रविवर्मा प्रेस' छापलेलं असलं तरी मूळ चित्र रविवर्म्यांनी काढलेलं असेलच असं नाही, कारण त्या छापखान्याने इतर चित्रकारांची चित्रंही भरपूर छापली.

ओळखायला एक भिंग लागतं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं, दहापट मोठं दाखवणारं. चित्रातल्या देवीच्या गालावर ते धरा.

शिळाछाप असेल तर गालावर गुलाबी, तपकिरी, क्वचित निळसर ठिपके विखुरलेले दिसतील, लहानमोठे आणि कसलीही ओळ न धरता टाकलेले. कारागिरांनी ते ठिपके दगडावर हाताने एकेक करून टाकले आहेत. पहिल्यांदा बघाल तेव्हा वेळ काढून बघा, फार सुंदर दिसतं ते. ऑफसेटवर छापलेलं असेल तर ठिपके सरळ रांगांत दिसतील आणि चार रंगांचे ठिपके मिळून बारीक फुलांसारखी नक्षी सगळीकडे सारखीच उमटलेली असेल. कॅलेंडरं आणि अलीकडची पुनर्मुद्रणं अशी असतात. इंकजेटवर काढलेल्या प्रिंटमध्ये अतिशय बारीक फवारा मारल्यासारखा दिसतो. आर्ट गॅलऱ्या 'जिक्ले' म्हणून विकतात ते हेच.

आता भिंग खालच्या अक्षरांवर न्या. हे फार जण करत नाहीत. अस्सल शिळाछाप चित्रात छापखान्याचं नाव सलग, भरीव शाईत उमटलेलं असतं. जुन्या चित्राचा फोटो काढून नव्याने छापलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांचीच बनलेली दिसतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काही घेणार असाल तर हे भिंग खिशात असू द्या. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद जुन्या सागवानी चौकटीत घालून ठेवला की नवखा माणूस फसतो. चौकट जुनी असल्याने आतलं चित्र जुनं ठरत नाही.

काहींना वाटतं, हातात आहे ती शेवटी छापील प्रत, मग एवढं जपायचं कशाला? एक तर ते दगड आता कोणी चालवत नाही, म्हणजे तशी प्रत पुन्हा निघणार नाही. दुसरं म्हणजे या चित्रांनीच सामान्य घरांत पहिल्यांदा चित्रकला आणली. बडोद्याच्या राजवाड्यातली मूळ तैलचित्रं पाहायला किती जण जाऊ शकत होते?

चौकट उघडण्याआधी

पावसाळ्यात उघडू नका. गणपतीच्या रंगकामात तसबीर उतरली असली तर कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंचावर, भिंतीला टेकवून उभी ठेवा आणि दसऱ्यापर्यंत थांबा. दमट हवेत कागद फुगलेला आणि मऊ असतो. त्या वेळी चौकट उघडायला गेलं तर तो फाटतो.

हवा कोरडी झाली की मोठ्या टेबलावर धुतलेली सुती चादर अंथरा. तसबिरीचे पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. मग खोली अंधारी करून टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरून काचेवर प्रकाश टाका. चित्र कुठे काचेला चिकटलेलं असेल तर तिथे गडद, ओलसर दिसणारा डाग पडतो. ओलिओग्राफवरचं व्हार्निश दमटपणाने मऊ होऊन काचेला धरतं, आपल्या किनारपट्टीवर हे नेहमीचं आहे.

असा डाग दिसला तर पुढे जाऊ नका. काच ओढू नका, मध्ये सुरी घालू नका, पाणी सोडू नका, हेअर ड्रायरची गरम हवा देऊ नका. देवीचा चेहरा काचेवर आणि नुसता कागद हातात, असं होतं. काचेसकट सगळं तसंच बांधून जाणकार संवर्धकाकडे न्यायचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, इंटॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. तिथे विचारा.

चिकटलेलं नसेल तर तसबीर पालथी ठेवून मागचे खिळे पकडीने सरळ वर उपसा. हातोडी वापरू नका, काच तडकते. मागे बहुधा फळकुटं आणि त्याखाली वर्तमानपत्र निघेल. ते फेकू नका. त्यावरच्या तारखेवरून चौकट कधी बांधली याचा अंदाज येतो. पण ते चित्राजवळ परतही ठेवू नका, कारण कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो तो अशा आम्लधारी वस्तूंच्या संगतीने. फळ्यांच्या फटी असतात तिथेच चित्राच्या पाठीवर गडद पट्टे उमटलेले दिसतील, ते याचेच.

साफसफाई, म्हणजे जवळजवळ काहीच नाही

मऊ, रुंद, कोरडा ब्रश मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवा. घरी एवढंच करायचं. ओलं फडकं, कापलेला बटाटा, पावाचा लगदा, खोबरेल तेल, खोडरबर हे सगळे उपाय कोणी ना कोणी सुचवतंच. यातला एकही करू नका. पिवळं पडलेलं व्हार्निश काढायचा मोह होईल. ते काढताना खालचा रंगही सुटू शकतो, आणि हा पिवळेपणा चित्राच्या वयाचाच आहे. तांबूस ठिपके पडले असतील तर तेही राहू द्या. बुरशीचा राखाडी किंवा हिरवट थर दिसला तर मास्क लावा, घरात न झटकता गच्चीत किंवा मोकळ्या गॅलरीत सावलीला ठेवून ब्रश फिरवा आणि तो ब्रश दुसऱ्या चित्राला लावू नका.

काही चित्रांवर जरतार, टिकल्या, कापडाची साडी चिकटवलेली असते. बायकांनी दुपारी बसून हौसेने नटवलेली चित्रं आहेत ती. त्यांना ब्रशसुद्धा लावू नका.

फ्रेमवाल्याशी काय बोलायचं

या पायरीवर घाई करू नका. दुकानात शिरल्यावर पहिलं वाक्य हे ठेवा: "चित्राचा कागद कुठूनही कापायचा नाही आणि कशावरही चिकटवायचा नाही." तो म्हणेल, चिकटवलं नाही तर पोक येईल. येऊ द्या. जुन्या कागदाला थोडी लाट असणं स्वाभाविक आहे. पुठ्ठ्यावर फेविकॉलने किंवा गरम प्रेसने चिकटवलेला कागद पुन्हा सुटा होत नाही. लॅमिनेशन तर नावही काढू नका. आज जे काही कराल ते उद्या कोणालातरी चित्राला इजा न करता उलटवता आलं पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय या कसोटीवर घ्या.

पुढून मागे मोजलं तर चौकटीत चार गोष्टी असतात: काच, माउंट, चित्र, पाठ.

माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची खिडकी. ती शोभेसाठी असते असा समज आहे. खरं काम तिचं असं की चित्र आणि काच यांच्यात ती हवेची फट ठेवते. ओलिओग्राफला ही फट नसली तर दहा पावसाळ्यांनी पुन्हा काचेला चिकटणं ठरलेलं. म्हणून माउंट हवाच, आणि तो आम्लमुक्त बोर्डाचा हवा. साध्या माउंटची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि चित्रावर तशीच चौकोनी रेघ सोडते. दुकानात आम्लमुक्त बोर्ड नसेल तर कलासाहित्याच्या मोठ्या दुकानातून तुम्ही आणून द्या. बहुतेक कारागीर आनंदाने कापून देतात. खिडकी एवढी मोठी कापायला सांगा की चित्राखालचा पांढरा पट्टा आणि छापखान्याचं नाव दिसत राहील. साधारण २० × १४ इंचांच्या चित्राला चारही बाजूंनी अडीच ते तीन इंच माउंट शोभतो, खालची बाजू अर्धा इंच जास्त ठेवली तर नजरेला बरं वाटतं.

चित्र आत कसं धरायचं? वरच्या दोन कोपऱ्यांजवळ जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेल्या. बाकी चित्र मोकळं लोंबू द्यायचं, म्हणजे हवेप्रमाणे कागद आकसतो-फुगतो त्याला जागा मिळते. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, त्यातलं सत्त्व तेच. पण घरचा चीक आंबलेला असतो, तो लावू नका. संवर्धनासाठी शुद्ध केलेलं स्टार्च विकत मिळतं. ते पाण्यात शिजवून गार झाल्यावर वापरायचं. बाइंडरकडची मैद्याची खळही नको, तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेलं असतं. हे सगळं जमणारं नसेल तर जाड आम्लमुक्त कागदाच्या त्रिकोणी खोळी करून चित्राचे कोपरे त्यात सरकवायचे. छायाचित्रांच्या जुन्या अल्बममध्ये असतात तसे. त्यात चित्राला डिंकाचा थेंबही लागत नाही, आणि नवख्या माणसाला मी हेच करायला सांगेन. सेलोटेप आणि दोन्हीकडून चिकटणारी टेप यांचा डिंक कागदात मुरतो आणि त्याचा डाग संवर्धकालाही पूर्ण काढता येत नाही.

पाठीला प्लायवूड, एमडीएफ किंवा हार्डबोर्ड ठोकायची सगळ्या दुकानांत रीत आहे. लाकूड आणि त्याचे बोर्ड आम्ल सोडतात आणि वाळवीला बोलावतात. चित्राला लागून आम्लमुक्त बोर्ड ठेवा आणि त्यामागे सनपॅकची शीट, जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात ती. ती ओल आत येऊ देत नाही, स्वस्त असते आणि कुठेही मिळते. चौकट आणि पाठ यांच्यातली फट कागदी टेपने चारही बाजूंनी बंद करून घ्या. कसर आणि झुरळांची पिल्लं तिथूनच शिरतात.

जुनी चौकट सागवानी किंवा शिसवी असेल तर ती टाकून सोनेरी फायबरची पट्टी लावू नका. कीड मारून घ्या, आतल्या खाचेला ॲल्युमिनियमची टेप लावून घ्या म्हणजे लाकूड चित्राच्या थेट संपर्कात येणार नाही, आणि तीच परत वापरा. खाच उथळ असेल तर मागून एक पट्टी जोडून कारागीर ती खोल करून देतो. काच साधी चालते. अतिनील किरण अडवणारी मिळाली तर उत्तम, पण ती महाग असते आणि उन्हात टांगायची परवानगी तिने मिळत नाही. तसबीर दूर पाठवायची असेल तर ॲक्रिलिक बरं, फुटत नाही. मात्र जरतार आणि टिकल्यांच्या चित्राला ॲक्रिलिक नको, त्याच्या स्थिर विजेने सुटे धागे ओढले जातात. अशा चित्राला खोल पेटीसारखी चौकट लागते.

समकालीन चित्रकाराकडून लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेला छाप) किंवा एचिंग (धातूच्या पत्र्यावरून काढलेला छाप) घेतलं असेल तर हेच सगळं लागू. तिथे कागदाच्या कडेला पेन्सिलीने सही आणि १२/५० असा आकडा असतो, म्हणजे पन्नास प्रतींपैकी बारावी. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्याच्या कडेचा दाबही कागदात उमटलेला असतो. माउंटच्या खिडकीने यातलं काहीही झाकू नका.

कुठे टांगायची

खिडकीसमोर नाही, पावसाची झड बसते त्या बाहेरच्या भिंतीवर नाही, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर नाही, गॅसच्या जवळपासही नाही. घरातली आतली, कोरडी भिंत शोधा. संग्रहालयांत कागदावरच्या कलाकृतींना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच प्रकाश देतात. दिवसा खिडकीजवळ याच्या कितीतरी पट उजेड असतो. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठत जातं, आजचं थोडं, उद्याचं थोडं. जुनी चौकट उघडाल तेव्हा खाचेखाली झाकलेली कड बघा, चित्राचा खरा रंग तिथे सापडेल.

चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि तसबीर यांच्यात बोटभर हवा खेळेल. कोकणातल्या घरात एवढ्या एका गोष्टीने फार फरक पडतो.

तसबीर पूजेतली असेल तर पूजा चालू राहावी, तिच्यासाठीच ती घरात आली. फक्त हार चौकटीवर न घालता वर वेगळा खिळा मारून त्यावर अडकवा. ओल्या फुलांचं पाणी काचेवरून ओघळतं आणि खालच्या कडेने आत शिरतं. चित्राच्या तळाशी अर्धगोल डाग असतात ते बहुतेक याचेच. समई आणि उदबत्ती हातभर पुढे ठेवा. काच पुसताना फवारा कापडावर मारा, काचेवर नाही.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्याच्या अखेरीस तसबीर उतरवून पाठीमागची टेप सुटली आहे का, भिंतीवर वाळवीची मातीची रेघ आली आहे का, ते पाहा. पावसाळ्यात घरात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. आकडा सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीची भीती. पंखा चालू ठेवा, कपाटं उघडी ठेवा. एसी रात्री लावून दिवसभर बंद ठेवला तर हवेतला ओलावा रोज वरखाली होतो, त्यापेक्षा न लावलेला परवडला. डांबरगोळ्या चौकटीत घालू नका. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा उतरवून टॉर्चने काच तपासा.

चौकटीत न घालता ठेवायची चित्रं गुंडाळून ठेवू नका, व्हार्निशला भेगा जातात. आम्लमुक्त कागदाच्या घडीत, सपाट, एकावर एक फार न रचता ठेवा. बाजारातला बटर पेपर बहुधा आम्लमुक्त नसतो. वर धुतलेल्या जुन्या सुती साडीचं वेष्टन चांगलं. खालच्या खणात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत नको.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि त्या खासगी व्यक्तींना देशाबाहेर नेता येत नाहीत. आजीची तसबीर बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

चौकट बांधून झाली की मागच्या सनपॅकवर एक पाकीट चिकटवा. त्यात मऊ पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला: चित्र कोणाकडून आलं, कोणत्या गावच्या घरात कुठल्या भिंतीवर होतं, चौकट कोणत्या साली बांधली, माउंट कसला आहे, काच कोणती, चित्र कोपऱ्यांच्या खोळीत आहे की खळीच्या पट्ट्यांवर. जुन्या वर्तमानपत्रातला तारखेचा तुकडाही त्यातच ठेवा.